लांबटांगीचा खरा पाय

डीएनएचा निकाल वाचून ग्युरीच्या तोंडचं पाणी पळालं. ओदेसानच्या डोंगरात ओढ्याकाठी तिनं लांबटांगी माशीचा एक नर पकडला होता. ही नवीच जात, अशी तिची खात्री होती आणि तिची अख्खी पीएचडी त्या एका नरावर उभी होती. निकाल म्हणत होता, ही तर दिव्याभोवती भिरभिरणारी नेहमीचीच लांबटांगी.

"एवढे डोंगर तुडवून संडासाच्या दिव्याखालची माशी आणलीस होय?" सोकजू म्हणाला. प्रयोगशाळेत तो तिला सीनियर, त्यामुळे त्याचे टोमणे निमूट गिळायचे.

"दादा, शेपटाकडचा आकडा बघ ना. नेहमीच्या नराचा बोथट असतो. याचा टोकदार आहे."

"मला कशाला सांगतेस? बाईंना सांग."

तिच्या मार्गदर्शक बान बाईंनी तो आधीच बघितला होता. लांबटांग्यांवर त्यांची हयात गेलेली. "आकडा वेगळा आहे खरा," त्या म्हणाल्या, "पण डीएनएही वेगळा निघाला पाहिजे. नाही निघाला, तर नवी जात म्हणून छापायचं नाही. जेवून आले की छापायला पाठवलेला तुझा लेख मागे घेतल्याचं कळवते."

ग्युरी जेवायला गेलीच नाही. नराला सूक्ष्मदर्शकाखाली धरून या खेपेला ती पायांकडे बघत बसली. या माश्यांचे पाय मेले हात लावायच्या आत गळतात. गळलेले पाय डिंकाने चिकटवून माशी पुन्हा देखणी करावी तर बान बाईंनीच. सोकजूने डीएनए तपासणीसाठी जो पाय तोडला होता, त्याच्या खोबणीत काहीतरी चमकत होतं. डिंक! ओढ्यावरच्या सगळ्या माश्या एकाच डबीत आल्या होत्या. कुणाचा पाय कुणाला लागला, देव जाणे.

तिला आनंद झाला, पण क्षणभरच. जिथं जेवतानाही बाईंच्या आधी कुणी चमचा उचलत नाही, तिथं त्यांची चूक काढायची कुणी?

बाई जेवून आल्या, संगणकासमोर बसल्या.

"बाई, पाठवू नका."

सोकजूने डोळे वटारले.

"का गं?"

"तपासलेला पाय त्याचा नव्हता. चिकटवलेला होता."

"कुणी चिकटवला?"

ग्युरीची मान वर होईना. "तुम्ही, बाई."

बाई उठल्या. नराचा एकेक खुबा बघायला त्यांनी फार वेळ घेतला. एकच पाय बिनडिंकाचा निघाला. तो त्यांनी चिमटीने स्वतः मोडला आणि कुपीत टाकला.

"हा पाठवा," त्या म्हणाल्या. "लेख थांबू दे."

मधले दिवस ग्युरीने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. बाई कामापुरतंसुद्धा बोलत नव्हत्या. शेवटी निकाल आला. तो पाय माहीत असलेल्या कुठल्याच जातीशी जुळत नव्हता. ग्युरीला रडू आवरेना. सोकजूने मुकाट्याने कॉफी करून तिच्यासमोर ठेवली.

बाईंनी निकाल दोनदा वाचला. "तुझी जात खरी आहे," एवढंच म्हणून त्या कपाटाकडे गेल्या. त्यात त्यांच्या हयातभराच्या लांबटांग्या होत्या, प्रत्येक सहा पायांवर नीट उभी. देशोदेशीचे लोक आपल्या माश्या याच पायांच्या डीएनएशी ताडून बघत. बाईंनी पहिला खण ओढून काढला आणि ग्युरीपुढे ठेवला.

"आता माझ्या तपास," त्या म्हणाल्या. "एकही सोडू नकोस."