वीस मिनिटांची गुळणी

ब्रश लावला की माझ्या नवऱ्याच्या हिरड्यांतून रक्त यायचं. दातांच्या डॉक्टरांचं ऐकेल तर तो माझा नवरा कसला! शेवटी मीच कुठूनसं ऐकून तिळाच्या तेलाचं खूळ घरात आणलं. उठल्या उठल्या चमचाभर तेल तोंडात घ्यायचं, वीस मिनिटं या गालातून त्या गालात खेळवायचं आणि पातळ, पांढरं झालं की जुन्या वर्तमानपत्रात थुंकायचं. मोरीत नाही, पाइप तुंबतो. महिन्याभरात रक्त कमी झालं. शिवाय रोज वीस मिनिटं हा माणूस गप्प बसायचा, तो फायदा वेगळाच. तेवढ्या वेळात मी त्याला मनसोक्त बोलून घ्यायची.

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला यानेच आपल्या कारखान्यात चिकटवलं होतं. तो पत्रा कापायच्या प्रेसवर, हा मशीन दुरुस्त करणारा फिटर. दोघे साडू एका डब्यात जेवायचे. तीन आठवड्यांपूर्वी धाकटीचा नवरा प्रेसमध्ये सापडला आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेला. प्रेसपुढे लोखंडी जाळी असते. ती असली की हात आत जातच नाही. त्या दिवशी ती नव्हती. कारखान्याचं म्हणणं, काम लवकर उरकायला त्यानेच काढली. धाकटीची सासूसुद्धा येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगू लागली, पोरगा स्वतःच्या आगाऊपणाने मेला म्हणून. चौकशी होती आज अकराला आणि साक्ष माझ्या नवऱ्याची.

साडेसातला धाकटी आली. नवऱ्याने नुकतंच तेल तोंडात घेतलं होतं.

"भाऊजी, एवढंच सांगा," ती म्हणाली. "जाळी त्याने काढली का?"

त्याने गालाकडे बोट दाखवलं, मग घड्याळाकडे. थांबते म्हणून ती समोर बसली. मी चहा ठेवला, तो कुणीच घेतला नाही.

वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली. गाल हलायचे थांबले होते, पण तोंड उघडेना. मी वर्तमानपत्र त्याच्यापुढे सरकवलं, तर पठ्ठ्या ते वाचायला लागला. तोंडात गुळणी धरून बसणं मी आजवर नुसतं ऐकलं होतं. मला त्याचा इतका संताप आला की पाठीत एक धपाटा घालावासा वाटला. त्याच्या ओठांच्या कडेने तेल गळत होतं आणि तो ते बाहीने पुसत होता.

"जाळीला बोल्ट असतात म्हणे," धाकटी हळूच म्हणाली. "आणि पाना फिटरकडेच असतो ना, भाऊजी?"

त्याचे डोळे भरून आले. मान मात्र ना होकाराची हलली, ना नकाराची. चाळीस मिनिटांनी ती उठली, चपला घालून निघून गेली.

दार लागल्यावर तो मोरीत धावला आणि ओकला. मग माझ्याकडे पाठ करूनच बोलला. जाळीमुळे माल कमी निघतो, म्हणून सुपरवायझरने सगळ्या मला काढायला लावल्या होत्या. लेखी काही नाही.

"त्याची शेवटची होती," तो म्हणाला. "तो नको म्हणत होता. मी म्हटलं, अरे, मी आहे ना."

त्याने विचारलं, आता काय सांगू? खरं सांगितलं तर आत जाईन म्हणाला. तोंड उघडा, असं मला म्हणायचं होतं. पण डोळ्यांसमोर तो गजांआड दिसला आणि माझ्या तोंडून निघालं, कारखान्याने पढवलंय तेच सांगा. माझी मलाच किळस आली. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला आणि तो गेला.

थोड्या वेळाने कचरा टाकायला खाली उतरले, तर धाकटी जिन्याशीच उभी होती. तो तिच्यासमोरून मान खाली घालून गेला होता.

"ताई, तुझ्याशी तरी काही बोलले का?"

"नाही गं," मी म्हणाले. "त्यांना काहीच माहीत नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. लहानपणापासून ती माझंच खरं मानत आली आहे.

"म्हणजे त्यानेच काढली," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली.