चार तारा आणि एक पेन्सिल

आमच्या सरांनी जगाचा विजेचा प्रश्न सोडवला तो मंगळवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी. भट्टीतून निघालेला तांदळाच्या दाण्याएवढा काळा खडा मशीनमध्ये ठेवला आणि पडद्यावर रेझिस्टन्स शून्य आला. म्हणजे विजेला अडथळाच नाही, आली तशी पार निघून गेली. असे पदार्थ जगात आहेत, त्यांना सुपरकंडक्टर म्हणतात, पण ते भयंकर थंडीतच चालतात. आमचा खडा मात्र पंख्याखाली, खोलीच्या साध्या तापमानाला शून्यावर बसला होता.

सर एरवीच जमिनीपासून चार बोटं वर चालतात. त्या दिवशी वीतभर वरून आले आणि म्हणाले, "उद्या अकराला पत्रकार बोलावलेत."

खडा पीएचडीवालीचा. सहा वर्षं भट्टीपुढे बसून तिने असले दोनशे खडे भाजले होते. तारा माझ्या. एकतीस वर्षं मी या प्रयोगशाळेत एकच काम करते. मायक्रोस्कोपखाली खड्यावर केसाहून बारीक चार सोन्याच्या तारा चांदीच्या पेस्टने चिकटवते. बाहेरच्या दोन तारांतून वीज सोडायची, आतल्या दोन तारांमध्ये व्होल्टेजचा किती फरक पडतो ते मोजायचं, त्यावरून अडथळा कळतो. माझ्या स्टुलावर दुसरं कोणी बसत नाही. एकदा सर बसले होते, त्यांनाही मी उठवलं.

पीएचडीवालीने घरून हेअर ड्रायर आणून खड्यावर धरला. खडा चटका बसेल इतका तापला, तरी शून्य. सर म्हणाले, "काय चिवट माल आहे!" चुंबकावर ठेवला. खरा सुपरकंडक्टर चुंबकावर अधांतरी तरंगतो, हा मख्ख पडून राहिला. सर म्हणाले, "नमुना फार लहान आहे." मला तिथेच शंका यायला हवी होती. पण कौतुक चाललं होतं, आणि त्यात "तारा कोणाच्या? आमच्या बाईंच्या!" हेही होतं. कौतुक मला आवडतं, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी घरी उशीची खोळ शिवायला घेतली. सुईत दोरा जाईना. थुंकी लावून झाली, डोळे बारीक करून झाले. शेवटी धाकट्या जावेने सुई काढून घेतली आणि एका झटक्यात ओवली.

"ताई, दोरा सुईच्या शेजारून नेताय तुम्ही. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगून वर्ष झालं."

"मला सगळं दिसतं."

"दिसतं हो. एक सुई सोडून."

ती हसायला लागली आणि मी खोळ बाजूला ठेवली. सुईचं भोक जिला दिसत नाही, तिला आतल्या दोन तारांमधली फट काय दिसणार? पेस्टचे ते दोन ठिपके एकमेकांना चिकटले, की दोन्ही तारा एकाच जागी टेकवल्यासारख्या होतात. मग फरक शून्यच येणार, खाली खडा असो नाहीतर विटेचा तुकडा.

सकाळी आठलाच प्रयोगशाळेत गेले. सरांच्या टेबलावरची पेन्सिल मोडली, शिशाचा तुकडा घेतला आणि नेहमीच्याच हाताने, नेहमीच्याच ऐटीत चार तारा लावल्या. मशीन चालू केलं.

शून्य. पेन्सिलही सुपरकंडक्टर.

तो तुकडा पर्समध्ये टाकून घरी निघून जावं, असं मला वाटलं. चांगली पाच मिनिटं वाटलं. त्या स्टुलाशिवाय मी या इमारतीत कोण? तेवढ्यात सर नवा कोट घालून आले, मागे पीएचडीवाली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, मशीनमध्ये तुमची पेन्सिल आहे."

सरांनी पडदा पाहिला. कोटातला माणूस वीतभर खाली उतरला. पीएचडीवालीने पेन्सिल मायक्रोस्कोपखाली घेतली, मग खडा घेतला, आणि हळूच म्हणाली, "दोन्हीकडे आतले ठिपके चिकटलेत."

"खड्याच्या तारा कोणी लावल्या?" सरांचा आवाज चढला.

"मी," पीएचडीवाली म्हणाली. "मावशी चहाला गेल्या होत्या. मीच लावल्या."

तिची सहा वर्षं समोर जळत होती आणि ही बया मला वाचवत होती. मला भरून यायला हवं होतं. आला तो संताप.

"तू? माझ्या स्टुलावर? सहा वर्षांत तुला पेस्टच्या ब्रशला तरी हात लावू दिलाय का मी? सर, ते ठिपके बघा, किती गोल आहेत. हिला जमतील का? माझेच आहेत ते. मला दिसत नाही. वर्षभर नीट दिसत नाहीये." शेवटचं वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले, आणि मग मला रडू आलं.

सरांनी घड्याळ पाहिलं. "पत्रकारांना काय सांगू?"

"लाईट गेलेत म्हणून सांगा," मी नाक पुसत म्हणाले.

सर फोन करायला गेले. मी स्टूल खाली केलं, कारण पीएचडीवाली उंच आहे, आणि तिला त्यावर बसवलं.

"पेस्ट कमी घे. श्वास सोड, मग टेकव. आतल्या दोघांत फट दिसते का?"

"दिसते."

चार तारा लावायला तिला दीड तास लागला. मी वीस मिनिटांत लावायचे, पण ते आता कोणाला सांगू? खडा मशीनमध्ये गेला. पडद्यावर आकडा आला, साडेतीन ओहम. भट्टीतला साधा दगड.

ती पडद्याकडे बघतच राहिली. "मावशी, शून्य नाही आलं."

"नाही आलं," मी म्हणाले. "तुझे ठिपके सुटे आहेत."

ती उठायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला परत खाली बसवलं आणि पुढचा खडा तिच्यापुढे ठेवला.