भिंतीआडच्या ओव्या

"मुसळ केरात" ही म्हण ऋजुताने फळ्यावर लिहिली आणि पाचवीतल्या हर्षदने गंभीर चेहऱ्याने विचारलं, "ताई, मुसळ म्हणजे डंबेल का?" शिकवणीची सगळी पोरं खिदळली. ऋजुतालाही हसू आवरेना.

रत्नागिरीत खालच्या आळीतल्या तिच्या पडवीत इंग्रजी शाळांतली मुलं मराठी शिकायला यायची आणि जोडीला पेटीवर गाणंही. पुस्तकी मराठी या पोरांच्या घशाखाली उतरत नाही हे तिने लवकरच ओळखलं होतं. म्हणून ती ओव्या म्हणायची. ओवी सुरात आली की उखळ, मुसळ, वैरण हे शब्द पोरांच्या तोंडी आपसूक बसत. घोकंपट्टी नाही, छडी नाही. पोरांच्या आया म्हणत, "ऋजुताच्या हाताला गुण आहे हो."

तो गुण खरं तर तिच्या सासूचा, गोदूबाईंचा. तीन वर्षांपूर्वी मुकुल बोटीवर गेला तो परत आलाच नाही. एकीचा मुलगा गेला, एकीचा नवरा. दोघी एकाच घरात एकमेकींची नजर चुकवत वावरत होत्या. शेवटी एके सकाळी गोदूबाई सुनेला म्हणाल्या, "रडून संपायचं नाही हे. बस माझ्यापुढे. मी सांगत्ये ती ओवी म्हण." सव्विसाव्या वर्षी तोंड मिटून बसलेली ऋजुता त्या ओव्यांनी पुन्हा बोलती झाली.

पण गोदूबाईंनी आणखीही एक गोष्ट शिकवली होती, तीही एक शब्द न बोलता. त्या स्वतः ऐन तरुणपणी विधवा झालेल्या. आळीतल्या कुठल्याही लग्नात घाणा भरायचा म्हटलं की पहिली आठवण त्यांची. उखळात हळकुंडं घालून सवाष्णी जोडमुसळांनी कांडायच्या आणि ओव्या म्हणायच्या गोदूबाई. पण कुठे? स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून! नवरीच्या दृष्टीस विधवेचं तोंड पडायला नको ना. गाणं शुभ आणि गाणारी अशुभ, हे कोणत्या शास्त्रात लिहिलंय ते कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. घरोघरी मातीच्या चुली.

मुलं घरी गेली आणि पद्मजाकाकू आल्या. भाट्याच्या बाजूला त्यांची हापूसची मोठी बाग. मुलगी अक्षया पुण्यात नोकरीला. तिचं लग्न आठवड्यावर आलं होतं, आणि घाण्याला आपणही ओवी म्हणायची या हौसेने ती सुट्टीत ऋजुताकडे शिकायला येत होती. काकूंनी चहा घेतला, मोहोर यंदा कसा धरलाय ते सांगितलं, मांडववाल्याच्या नावाने बोटं मोडली. ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललंय हे ऋजुताच्या लक्षात आलं.

"काकू, परवा घाण्याला मी किती वाजता येऊ? अक्षयाला दोनच ओव्या नीट येतात. बाकीच्या मी म्हणेन."

काकूंनी कप खाली ठेवला. "तेच बोलायचं होतं गो. सावर्ड्याहून आमच्या गंगावन्सं आल्यात. त्यांचं म्हणणं, तू मोबाईलवर ओव्या रेकॉर्ड करून द्याव्यास. आम्ही स्पीकरवर लावू. व्हिडिओतही आवाज कसा स्वच्छ येतो."

"आणि मी?"

"तू ये की गो! दोघी सासवा-सुना जेवायलाच या. फक्त घाणा होईस्तोवर आत, स्वयंपाकघरात..." पुढचं त्यांच्याने बोलवेना. बाई वाईट नव्हती. पण नणंदेपुढे तोंड उघडायची तिची छाती नव्हती, आणि जगातले निम्मे अन्याय असल्या चांगल्या माणसांच्या गप्प बसण्यावरच तर चालतात.

काकू गेल्या तशी ऋजुता तणतणत आत आली. "आई, माझा आवाज त्यांना चालतो, मी चालत नाही! नाहीच देणार मी."

गोदूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. "दे गो. न देऊन ओव्या बुडतील, दुसरं काय? माझं सगळं आयुष्य भिंतीआड गेलं. माझं काय बिघडलं?"

"काहीच बिघडलं नाही?"

गोदूबाईंनी सुपातला खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "तू हट्टाने पुढे बसलीस आणि उद्या त्या पोरीचं काही बरंवाईट झालं, तर बोट कोणाकडे जाईल?"

हे मात्र ऋजुताच्या काळजात रुतलं. आपण हे मानत नाही, असं ती स्वतःला बजावत राहिली. पण भीती काही विचारून येत नाही. खरंच काही झालं तर? तिने मुकाट्याने मोबाईल समोर ठेवला आणि ओव्या म्हटल्या. ओवीत घरच्या माणसांची नावं गुंफायची रीत असते. तिने सगळ्यांची गुंफली, गंगावन्संचंसुद्धा.

घाण्याच्या दिवशी काकूंच्या बंगल्यात पाय ठेवायला जागा नव्हती. दिवाणखान्यात रांगोळी घातलेलं उखळ, आंब्याची पानं बांधलेली जोडमुसळं, हिरव्या चुड्यातली अक्षया, भोवती पाच सवाष्णी. त्यांत पहिल्या मानाच्या गंगावन्सं. आत स्वयंपाकघरात ऋजुता नारळ खवत होती. शेजारी पाटावर गोदूबाई.

"लावा हो स्पीकर!" गंगावन्संचा हुकूम सुटला. मुसळं उखळात पडू लागली आणि ऋजुताला स्वतःचाच आवाज पलीकडून ऐकू आला:

"हळदीचा गं घाणा, मांडव दारात,
गंगावन्सं घरात, मानाच्या गं..."

आपलाच आवाज आपल्याला सोडून बाहेर मिरवतोय आणि आपण इथे खोबरं खवतोय, असं तिला वाटलं. तरीही ती बसून राहिली. निभावून नेऊ, एवढा तासभर.

मग तिने सहज बाजूला पाहिलं. गोदूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. आज त्यांना गायला कोणी सांगितलं नव्हतं. स्पीकर गात होता. तरी मुसळाचा आवाज कानी पडताच त्यांनी आपण होऊन पाट फिरवला होता आणि त्या भिंतीशी ओठ हलवत होत्या.

ऋजुताचा संयम सुटला. रागही आला, रडूही आलं. खोबऱ्याचे हात तसेच घेऊन ती दिवाणखान्यात गेली आणि तिने स्पीकर बंद केला.

मुसळं थबकली. व्हिडिओवाल्याला काय करावं कळेना, तो तसाच कॅमेरा धरून राहिला.

"अगो, काय केलंस हे!" गंगावन्सं कडाडल्या. "भरता घाणा थांबवलास? शुभकार्यात अपशकून करायला आलीस? जा आधी आत!"

"जात्ये. पण माझा आवाज घेऊन जात्ये," ऋजुता म्हणाली. "मी इथे नको असेन तर तोही नको."

"ऋजुता, माझ्या लेकीचं लग्न आहे गो," पद्मजाकाकू रडकुंडीला आल्या. "तुझे पाय धरत्ये. तिला काही झालं म्हणजे?"

हीच ती भीती. दोन रात्री ऋजुताला तिने झोपू दिलं नव्हतं. आता ती काकूंच्या तोंडून समोर उभी राहिली, आणि तिचं उत्तर ऋजुताला तिथल्या तिथे सापडलं.

"काकू, माझ्या आणि मुकुलच्या लग्नालाही घाणा भरला होता," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्हीच होतात मुसळाला. पाचही सवाष्णी होत्या. आई सगळा वेळ भिंतीआड होत्या, माझ्या नजरेससुद्धा पडल्या नाहीत. सगळं शास्त्राप्रमाणे झालं. मग माझा मुकुल का गेला?"

पद्मजाकाकू मटकन खाली बसल्या.

"मला उत्तर नकोय," ऋजुता म्हणाली. "पण स्वतःच्या मुलाचा घाणा जिने भिंतीशी ओव्या म्हणून भरला, ती आतासुद्धा आत भिंतीशीच बसलीय."

अक्षयाने मुसळ सोडलं. "आई, हा घाणा माझ्या लग्नाचा आहे ना? मग गोदूआजी बाहेर येतील. त्या आल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"मग मी इथे थांबायची नाही!" असं म्हणत गंगावन्सं उठल्या आणि तरातरा बाहेर निघून गेल्या. सुंभ जळेल, पण पीळ कसला जळतोय!

गोदूबाई येईनात. "नको गो बायांनो, मी बसत्ये हो इथेच," असं म्हणत त्या पाट धरून बसल्या. शेवटी एका हाताला अक्षया, दुसऱ्या हाताला ऋजुता, अशा दोघींनी त्यांना बाहेर आणलं. गंगावन्संची जागा रिकामी झाली होती, तिथेच बसवलं. पद्मजाकाकू उठल्या. मुसळ त्यांनी स्वतः गोदूबाईंच्या हातात दिलं.

"म्हणा आजी," अक्षया म्हणाली.

गोदूबाईंनी तोंड उघडलं. समोर नवरी, चार बायका, पलीकडे कॅमेरा. आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. ओठ हलले, पण शब्द फुटेना. उभ्या आळीची लग्नं जिच्या गळ्यावर लागली, त्या बाईला माणसांपुढे गाता येत नव्हतं. ऋजुता ओवी उचलणार होती, पण तिने स्वतःला आवरलं.

गोदूबाई कानकोंड्या होऊन सगळ्यांकडे पाहत म्हणाल्या, "थांबा हो जरा... सवय नाही ना."

आणि मुसळं हातात धरून सगळ्या जणी थांबल्या.