दोघांपुरतं रांधणं

जनाबाईने झेडपीच्या शाळेत वीसेक वर्षं खिचडी शिजवली. मुरबाडहून सिद्धगडाकडे जाताना डोंगराच्या पायथ्याला ती शाळा. आजूबाजूच्या पाड्यांवरची पोरं तिथं येत. सुरुवातीला गावातल्या दोन-चार घरांतली पोरं दुपारी घरचा डबा उघडायची. का, ते कुणी बोललं नाही आणि जनाबाईनेही विचारलं नाही. ती लसणाची फोडणी द्यायची आणि पोरं नाक वर करून बघायची. दिवाळीच्या आत डबे बंद झाले.

यंदा उन्हाळ्यात मोठा टोप उतरवताना तिच्या कमरेत उसण भरली, ती काही केल्या निघेना. गुडघे तर आधीपासूनच बोलत होते. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिच्या जागी अनिता नावाची तरुण बाई आली. शाळेच्या मोठ्या बाईंनी जनाबाईला साडी दिली, नारळ दिला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाला. जनाबाई घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घरच्या चुलीवर भात टाकला. घरात माणसं दोनच, ती आणि नवरा नामदेव. मुलगा हेमंत आणि सून आरती वाशिंदला राहतात, तिथं हेमंत कंपनीत आहे. नामदेव पानावर बसला आणि त्याने टोपात डोकावून बघितलं.

"गो, कोन येनार हाय काय?"

"कोन येतंय? का?"

"नाय, ह्यो भात बघून वाटलं बारसं हाय कुनाचं तरी."

जनाबाईने टोपाकडे बघितलं. तिला काही भात जास्त वाटला नाही. उलट इतका थोडा भात बघून तिला मघापासून कसंतरीच होत होतं.

त्या दिवशी दोघांनी दुपारी भात खाल्ला, रात्री भात खाल्ला, सकाळी कांदा घालून परतून खाल्ला, तरी उरला. मग ती शेजारी केरूच्या घरी टोपली घेऊन गेली. केरूची माणसं खूश झाली. आणि आपल्याकडे रिकामं भांडं परत द्यायची पद्धत नाही, त्यामुळे टोपली परत आली ती नाचणीच्या भाकऱ्या घेऊन. आता भातही होता आणि भाकऱ्याही.

हे असंच चालू राहिलं. जनाबाई डाळ करायची ती पातेलंभर. भाजी करायची ती ताटं पुरणार नाहीत इतकी. ती आळीतल्या घरोघर वाटायची, आणि प्रत्येक घरून काही ना काही परत यायचं. कुणी अळूचं फदफदं, कुणी सुकट, कुणी शेवया. हेमंतचा फोन आला की नामदेव सांगायचा, "तुझ्या आयने पाड्याला जेवाला घातलंय आन पाडा आमाला जेवाला घालतोय. कोनच आपल्या घरचं खात नाय."

"आई, फ्रीज पाठवतो," हेमंत म्हणाला.

"फ्रीज नको रे. फ्रीज आला तर मी आनखी करीन."

तरी ते तिच्या मनाला लागलं. अन्न कमी-जास्त होतं म्हणून नव्हे. हात आपलं ऐकत नाही म्हणून. मग तिने ठरवलं, मोजून रांधायचं. चहाच्या कपाने तांदूळ घेतला, चमच्याने मीठ टाकलं. भात बरोबर दोघांपुरता झाला, पण भाजी बेचव. दुसऱ्या दिवशी खारट. तिसऱ्या दिवशी तिखट इतकं की नामदेवच्या डोळ्यांना पाणी आलं. मोठ्या टोपात मूठभर मीठ टाकताना तिचा अंदाज कधी चुकला नव्हता. या एवढ्याशा कढईत मात्र चिमूटभर मिठाने तिला घाबरवून सोडलं होतं.

नामदेव खाली मान घालून जेवायचा. एकदा जनाबाई पाणी आणायला उठली आणि वळून बघते तर हा बाबा गपचूप भाजीवर मीठ टाकतोय.

"सरळ सांगा ना, अळनी हाय म्हनून!"

"अळनी नाय गो. मला आपली सवय."

"कसली सवय? तुमाला काय सवय, माज्या हातचं गरम दुपारी कधी जेवलात तुमी?"

हे ती रागात बोलून गेली. पण ते खरं होतं. नामदेवने आयुष्यभर आधी लोकांच्या शेतात मजुरी आणि मग भिवंडीच्या गोदामात हमाली केली होती. पहाटे भाकरी बांधून न्यायची, रात्री यायचं आणि भाकरी-चटणी खाऊन झोपायचं. ती दुपारी शाळेत. सगळी पोरं जेवली की ती चुलीशी उभ्याउभ्या चार घास खायची. एवढ्या वर्षांच्या संसारात दुपारचं जेवण समोरासमोर बसून जेवायला त्यांना आत्ताच कुठं जमत होतं, आणि तेही अळणी.

दुसऱ्या दिवशी नामदेव सकाळीच परसात गेला. गोदाम सुटल्यापासून घरामागचा तो तुकडा त्याचाच. मांडवावर दोडका आणि काकडी, कडेला भेंडी, मिरच्या, चवळी, न्हाणीच्या पाण्यावर अळू. त्याने पंच्याच्या टोकात भाजी आणली आणि चुलीपाशी सोडली. एक दोडका, चार मिरच्या, बस.

"एवढंच?" जनाबाई म्हणाली.

"दोन मानसं हाव ना? मग एवढंच. मी रोज दोघांपुरतं खुडून आननार. तू तेवढंच रांध. मापाचं मी बघतो, चवीचं तू बघ."

आणि तो तिथंच बसला. विळी पुढ्यात ओढून दोडक्याच्या शिरा काढू लागला. त्याला काही नीट जमत नव्हतं. शिरांबरोबर अर्धा दोडका जात होता. जनाबाई हसायला लागली.

"राहू दे. चटनी करू त्या शिरांची."

तेव्हापासून हेच सुरू झालं. सकाळी तो खुडून आणायचा, निवडायचा, आणि ती फोडणी द्यायची. निवडताना तो बोलायचा. कुठल्या वेलाला कळी आली, कुठल्या काकडीला माकडाने हात लावला, चवळीला मावा पडला म्हणून राख मारली. तो इतकं बोलतो, हे जनाबाईला माहीतच नव्हतं. कधी ती म्हणायची, "आज दोन दोडके आना ना," आणि तो म्हणायचा, "नाय. एकच." मग ती रुसल्यासारखं करायची. भाजी हळूहळू सुधारत होती. मीठ अजून पुढं-मागं व्हायचं, पण नामदेवला आता लपून टाकावं लागत नव्हतं. तो उघड मागायचा.

भादव्यातल्या एका दुपारी ते जमलं. दोडक्याची भाजी, वर भाजून कुस्करलेली सुकट, तांदळाच्या भाकऱ्या आणि थोडा भात. पहिला घास घेतल्यावर नामदेव थांबला. मग भराभर जेवायला लागला. जनाबाईने स्वतः चाखलं. मीठ हवं तेवढंच होतं. तिखट हवं तेवढंच होतं. दोघांनी कढई भाकरीने पुसून खाल्ली. भाताचं शीतही उरलं नाही. जनाबाईने भांडी घासून पालथी घातली आणि तिला इतकं बरं वाटलं की ती ओसरीवर जाऊन चक्क पाय पसरून बसली.

तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. एक तरुण उतरला, मागून एक नव्या नवरीसारखी दिसणारी मुलगी. तरुणाने येऊन पायांना हात लावला.

"जयभीम मावशी. ओळखलंत का? मी इंद्रजीत."

जनाबाईने निरखून बघितलं. दाढी कोरलेली, अंगात कंपनीचा शर्ट. शाळेत इतकी पोरं येऊन गेली होती.

"ही पल्लवी, माझी बायको," तो म्हणाला. "आमी वाशिंदला रूम घेतलीय. हेमंतदादा भेटला टेशनला. तो बोलला, आई आता घरीच असते. मग म्हटलं, जाऊन येऊ."

नामदेवने पाणी दिलं. जनाबाईने विचारायचं तेच विचारलं, "जेवलात?"

"जेवूनच निघालो," इंद्रजीत म्हणाला.

पल्लवीने त्याच्याकडे बघितलं. "मावशी, खोटं बोलतात हे. सकाळी नुसता चहा घेतलाय. म्हणाले, मावशीकडे गेलं की जेवायला असतंच."

जनाबाईने कपाळाला हात लावला. नामदेव मोठ्याने हसायला लागला.

"काय सांगू तुला पोरी," तो म्हणाला, "जून महिन्यात ह्या घरात रोज दहा मानसांचं जेवन उरत होतं. आन आज, आजच, आमी कढई पुसून खाल्ली."

इंद्रजीतला काही कळेना, पण पल्लवी हसायला लागली. "मग करू की. मी येते मदतीला." तिने पर्स खुंटीला अडकवली आणि पदर खोचला. कॉलेजात शिकलेली मुलगी, पण फुंकणी बरोबर सापडली तिला.

"काय करू रे?" जनाबाईने विचारलं.

"खिचडी," इंद्रजीत लगेच म्हणाला. "शाळेतली."

नामदेव परसात गेला. या वेळी त्याने मोजलं नाही. आला तो पंचा भरून. जनाबाईने तांदूळ धुतले, डाळ धुतली, लसूण ठेचून तेलात टाकला. तो वास घरभर झाला आणि ओसरीवर बसलेल्या इंद्रजीतने नाक वर करून आत बघितलं.

पानं वाढायची वेळ आली तेव्हा जनाबाई पळी घेऊन उठणार, तोच पल्लवीने तिच्या हातातून पळी घेतली. "तुम्ही बसा. मी वाढते."

"अगो, मी आत्ताच जेवले."

"मग परत थोडं. आमच्याबरोबर."

जनाबाई बसली. कुणीतरी पुढ्यात ताट ठेवतंय आणि आपण नुसतं बघायचं, याची तिला सवय नव्हती. हात कुठं ठेवावेत तेही कळेना.

इंद्रजीतने दोन वाढण्या संपवल्या. मग तो ताटात बोट फिरवत म्हणाला, "मावशी, तुमी मला टोपाच्या तळाची खरवड काढून द्यायच्या. लाल झालेली. आयबाबा वीटभट्टीवर जायचे, मी आजीकडं राहायचो. आजीला दिसायचं नाय. घरी कधी चूल पेटायची, कधी नाय. तुमी कधी विचारलं नाय मला. नुसतं दोनदा वाढायच्या, वर खरवड."

जनाबाईने आठवून बघितलं. खरवड ती कुणाकुणाला द्यायची, पण चेहरा काही समोर येईना. खोटं बोलावं असंही तिला वाटलं नाही.

"मला नाय आठवत रे पोरा."

तिला वाटलं, याला वाईट वाटेल. पण इंद्रजीत हसला. "तुमाला कशाला आठवायला पायजे? जेवलो मी. मला आठवतं ना."

नामदेवने तांब्या उचलून त्याला पाणी दिलं. पल्लवी उठून टोपाकडे गेली, पळीने तळ खरवडला आणि निघालेली लाल खरवड नवऱ्याच्या नव्हे, जनाबाईच्या ताटात घातली. जनाबाईने ती खाल्ली. कुरकुरीत होती, थोडी करपलेली, लसणाची. आयुष्यभर ती पोरांना दिली. स्वतः कधी बसून खाल्ली नव्हती. चांगली लागली.

उन्हं कलल्यावर ती दोघं निघाली. नामदेवने त्यांच्या पिशवीत भेंडी आणि दोन काकड्या कोंबल्या, वर अळूची पानं. पल्लवीने जनाबाईचा नंबर घेतला.

रात्री जनाबाई अंथरुणावर पडली, पण मघाचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. जेवलो मी, मला आठवतं. तिलाही एक जेवण आठवत होतं. हेमंत झाला तेव्हा तिची आई जिवंत नव्हती आणि नामदेव कामाला बाहेर होता. केरूची आई लक्ष्मी रोज सकाळी पेज घेऊन यायची. गरम पेज, बरोबर भाजलेला बोंबील. मोठं घर होतं तिचं, माणसं होती, कामं होती, तरी यायची. त्याबद्दल जनाबाई तिला आजवर एक शब्द बोलली नव्हती. शेजारीच राहते, रोज दिसते, म्हणून राहून गेलं.

सकाळी नामदेवने खुडून आणलेल्या दोडक्याची भाजी झाली तशी तिने एक वाटी भरली आणि केरूच्या घरी गेली. लक्ष्मीआजी दारात उन्हाला बसली होती. आता तिला दातही नव्हते आणि ऐकूही कमी यायचं. जनाबाईने वाटी तिच्या हातात दिली आणि जवळ बसून मोठ्याने सांगितलं.

"आय, हेमंतच्या वेळेला तू मला पेज आनून द्यायचीस. रोज. मी तुला कधी बोलले नाय. तेव्हा तुज्यामुळं उभी राहिले मी."

लक्ष्मीआजीने कपाळाला आठ्या घातल्या.

"पेज? मी? नाय गो, मला नाय आठवत."

"आनायचीस ग तू. बोंबील भाजून."

"असल." म्हातारीने भाजीचा एक घास हिरड्यांनी चावला. "पन तुजी ती लाल कोंबडी हाय ना, ती माजी वांगी टोचायची. सगळा वाफा खाल्ला तिनं. ती बराबर आठवते मला."

जनाबाईला हसू आवरेना. ती कोंबडी मरूनही किती वर्षं झाली होती.

"हसतेस काय?" लक्ष्मीआजी म्हणाली आणि वाटी पुढं केली. "दोडका कवळा हाय. घरात आनखी असल तर आन."