तीन सशांचा ताप

मल्हाररावांच्या कारखान्यातलं सलाइनचं पाणी पास की नापास, हे शेवटी तीन ससे ठरवत. पाणी सशाच्या कानातल्या शिरेत टोचायचं आणि तीन तास त्याचा ताप मोजायचा. पाण्यात काही बाधणारं असलं की सशाला ताप भरे, आणि सशाला जे बाधतं ते माणसालाही बाधतं. रोगी आधीच अर्धमेला असला तर त्या हुडहुडीतच जातो.

सन अठ्ठावन्नचा एप्रिल. होसकोटेला पटकीची साथ. मुंबईची बाटली गरिबांच्या इस्पितळाला परवडत नव्हती, आणि मागवली तरी आठ दिवसांनी येई. म्हणून सरकारने आणि मल्हाररावांनी भागी केली होती. पाणी शुद्ध करायची यंत्रं सरकारची, जागा नि माणसं मल्हाररावांची, आणि बाटली चौथाई किमतीत. अट एकच, प्रत्येक घाण्यावर सरकारी तपासनिसाची सही. ती तपासनीस म्हणजे कौशल्या. बी.एस्सी. झालेली, पंचविशीतली, आणि कामाच्या बाबतीत चांगलीच हेकट.

सकाळी होसकोटेच्या डॉक्टरांचा फोन आला. पंधरा रोगी, आणि बाटल्या जेमतेम दुपारपुरत्या. इकडे खोकी भरून मोटार दारात उभी होती, आणि कौशल्याच्या थर्मामीटरचा पारा चढत चालला होता. तिन्ही ससे तापले होते.

"घाबरलेत हो ते," मल्हारराव म्हणाले. "देवाप्पानं धरलंय नं. पाणी उकळायच्या भट्टीवरचा माणूस, हात कसे त्याचे. स्वल्प, थोडं समजून घ्या आणि सही करा."

म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ससा जातीचा भित्रा, परक्या हातात नुसत्या धास्तीनेही तापतो. एरवी ससे धरायची गोदूबाई. तिच्या मांडीवर ते डोळे मिटून पडत. पण गोदूबाई आज बाहेरची होती, आणि त्या चार दिवसांत बाईने कारखान्यात पाऊल टाकायचं नाही, असा मल्हाररावांचा दंडक. औषधाचं पाणी त्यांच्या लेखी गंगाजळाइतकं सोवळं. कौशल्याला हा शुद्ध मूर्खपणा वाटे. पण बोलली होती का ती कधी? तीही त्या दिवसांत डोकेदुखीची रजा टाकून गुपचूप घरी बसे. आता तिला स्वतःचाच संताप आला.

ताप धास्तीचा असेल, तर पंधरा माणसं तिच्या हेकटपणापायी जाणार. पाण्याचा असेल, तर तिच्या सहीपायी. इकडे आड, तिकडे विहीर.

"फेरचाचणी करायची," ती म्हणाली. "दुसरे तीन ससे. आणि धरणार गोदूबाई."

"अहो, पण ती..."

"अण्णा, ससे ती धरेल, नाहीतर सही नाही."

मल्हाररावांनी भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडे पाहिलं, मग मोटारीकडे. "सरी, ठीक आहे," ते पडेल आवाजात म्हणाले. "आणा तिला."

कौशल्या घोड्याचा जटका करून बनशंकरीला तिच्या घरी गेली. गोदूबाई मागच्या पडवीत एकटीच बसली होती, डोळे सुजलेले. कौशल्याने सगळं सांगितलं.

"माजा परसू तितंच हाय," गोदूबाई म्हणाली. "धाकटा भाऊ. काल न्हेलंय त्येला होसकोट्याच्या दवाखान्यात." एवढं बोलून तीच आधी जटक्यात चढली.

बाराला नव्या सशांना पाणी टोचलं. तासभर पारा जागचा हलला नाही. मल्हाररावांचा चेहरा उजळला, आणि कौशल्याचाही जीव भांड्यात पडला. दोन तासांनी पारा थोडा चढला, पण मर्यादेच्या आतच. एक तास उरला होता. तेवढ्यात पुन्हा फोन. होसकोटेला शेवटची बाटली लावली होती.

"आता तरी सोडा मोटार," मल्हारराव काकुळतीला आले. "वाटेतच दीड तास जाईल. मर्यादेत आहे नं?"

कौशल्याने पेनाचं टोपण काढलं. नियमाचा एक तास गिळून टाकायला आपण तयार झालो होतो, हे पुढे तिला जन्मात विसरता आलं नाही.

"थांबा, अक्का," गोदूबाई म्हणाली. "ह्येचे कान गार पडाय लागलेत. अंग तापाय लागलं की आधी कान गार पडत्यात. आन् ह्यो भ्यालेला न्हाई, माज्या मांडीवर निजलाय."

कौशल्याने सशाचा कान चिमटीत धरला. गारच होता. दुसऱ्याचाही.

"गोदूबाई, तुमचा भाऊ..."

"म्हनून तर सांगते. ह्यातली पैली बाटली त्येलाच लागंल."

"नवा घाणा उद्या दुपारशिवाय निघायचा नाही."

"ठावं हाय मला. तवर त्यो ऱ्हायाचा न्हाई." तिचा हात सशाच्या पाठीवरून फिरत राहिला. "लिवा तुमी."

कौशल्याने तास पुरा होऊ दिला. पारा मर्यादा ओलांडून पार वर गेला. तिने कागदावर 'नापास' लिहिलं. कोट काढून मल्हारराव स्वतः खोकी उतरवायला गेले, आणि देवाप्पाला भट्टी धुवायला लावली.

गोदूबाई मात्र जागची उठली नाही. तापलेले ससे मांडीवर घेऊन ती तिथेच बसली, आणि संध्याकाळी होसकोटेहून फोन वाजला तेव्हा तो घ्यायला कौशल्या गेली.