फुंकर मारून बघा

चाळिशी उलटली तरी त्याला सगळे बाळ्याच म्हणत. नाव दादाने ठेवलं होतं, आणि दादाने ठेवलेलं काही बदलावं असं बाळ्याला कधी वाटलं नाही. आईवडिलांमागे दादानेच त्याला वाढवलं, गाडी शिकवली, वायर सोलायला शिकवली, चिकटपट्टीचं टोक दुमडून ठेवायलासुद्धा शिकवलं. "उद्या उघडताना नख लागायला हवं." वाहतुकीचा धंदा दोघांचा, दादा फोन आणि गिऱ्हाइकं सांभाळी, बाळ्या गाडी.

गाडीत जायचा सुका बर्फ. म्हणजे सोड्याची बाटली उघडल्यावर फसकन निघतो तोच वायू, गोठवून दगडासारखा केलेला. पृथ्वी तापते म्हणून सगळे ज्याच्या नावाने खडे फोडतात, तोच बिचारा आइस्क्रीम आणि दवाखान्यातल्या लशी गार ठेवतो. नावं ठेवायची आणि वर कामही करून घ्यायचं, ही आपली जुनी खोड. हा बर्फ वितळून पाणी होत नाही, थेट हवेत जातो. म्हणून खोक्यांची झाकणं घट्ट लावायची नाहीत, मागच्या भागाला झरोके ठेवायचे, आणि ड्रायव्हरच्या केबिनमध्ये साबणाच्या वडीएवढं एक यंत्र लावायचं. वायू आत आला की ते कोकलतं.

तीन महिन्यांपूर्वी ते रोज कोकलायला लागलं. केबिनमागच्या पत्र्याच्या फटीतलं रबर झिजलं होतं. बाळ्या दर वेळी गाडी बाजूला घेई, दारं उघडून दहा मिनिटं बाहेर उभा राही. माल उशिरा पोचे आणि बर्फ मागवणाऱ्या प्रयोगशाळेचे साहेब फोनवर दादाची हजेरी घेत. एका रविवारी दादा गाडी घेऊन गेला आणि सोमवारी परत दिली. "रबर बदललं. आता आवाज येणार नाही." आला नाही. यंत्रावरचा हिरवा दिवा तेवढा शहाण्यासारखा जळत राहिला.

बाळ्याचं डोकं मात्र दुखायला लागलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल, म्हणून त्याने मनावर घेतलं नाही. पहिलीत जाणारी त्याची लेक चिमणी रोज सकाळी शेजारी बसून शाळेत जाई. धूळ नको म्हणून काचा बंद. अलीकडे ती पाच मिनिटांत पेंगायची. पहिल्या तासाला मान टाकते, अशी बाईंची तक्रार आली, तेव्हा तिला दोघा भावांनी मिळून रागे भरलं होतं. दादा कधी गाडीत बसला, तर आधी काच खाली करायचा. "जीव गुदमरतो रे." "वय झालं तुझं," असं म्हणून बाळ्या हसायचा.

आज सकाळी बर्फाच्या कारखान्यात तपासणी होती. सुरक्षेच्या बाईंनी सगळ्या ड्रायव्हरांना आवारात उभं केलं.

"आपापलं यंत्र काढा, तोंडाशी धरा आणि फुंकर मारून बघा."

"मॅडम, काल काही घेतलं नाही हो!" कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

"श्वासातही हाच वायू असतो. यंत्र धड असेल तर ते ओरडेल."

एकामागून एक यंत्रं किंचाळली. बाळ्याचं गप्प. त्याने गाल दुखेपर्यंत फुंकलं. "बाळ्याच्या फुंकरीत दमच नाही," मागून कुणी बोललं, तेव्हा तोही हसला. बाईंनी स्क्रू काढून झाकण उघडलं. आतली मुख्य वायर कापलेली होती आणि हिरवा दिवा थेट बॅटरीला जोडलेला. जोडावर पिवळी चिकटपट्टी होती, टोक नीट दुमडलेलं.

"गाडीत लहान मूल बसतं का कुणी?" बाईंनी विचारलं. "हा वायू जड असतो, खाली साचतो. आधी त्याला चढेल."

बाळ्याने ते दुमडलेलं टोक नखाने उचलून पाहिलं. ती पट्टी दुसऱ्या कुणाची निघावी, कुणाचीही, असं त्याला फार वाटलं.

दुपारी त्याने ते यंत्र दादाच्या टेबलावर ठेवलं. "तू केलंस?"

दादाने यंत्राकडे पाहिलं, त्याच्याकडे नाही. "सारखं बोंबलत होतं. प्रयोगशाळेचं काम हातचं जात होतं."

"आणि रबर?"

"बदलणारच होतो."

"मला सांगायचंस तरी."

"तू गाडी काढली नसतीस." मग दादा घाईघाईने उठला. "बाळ्या, मला वाटलं यंत्रच बिघडलंय. एवढा वायू आत येतो हे ठाऊक असतं, तर चिमणीला बसू दिलं असतं का मी? तुझ्या गळ्याशपथ."

बाळ्याला ते खरं मानायचं होतं. जन्मभर दादाचं खरंच मानत आला होता, आज एकदा आणखी मानलं तर काय बिघडणार होतं? त्याने मान हलवली.

"चल, आत्ताच रबर बसवून आणू," दादा म्हणाला. "मी येतो बरोबर."

गाडीत अर्धा माल अजून होता. बाळ्या स्टिअरिंगमागे बसला. दादा दुसऱ्या बाजूने चढला, आणि नीट टेकायच्या आधीच त्याचा हात काचेच्या दांडीवर गेला. काच गरगर खाली गेली, पार तळापर्यंत.

बाळ्या त्या हाताकडे बघत राहिला. मग दादानेही पाहिलं, आणि हात तिथेच थांबला.

"चिमणीला कधी सांगितलं नाहीस," बाळ्या म्हणाला, "काच उघड म्हणून."

बाळ्याने किल्ली काढून दादाच्या मांडीवर ठेवली, खाली उतरला आणि शाळेच्या रस्त्याला लागला. शाळा सुटायला अजून तास होता, पण चालत जायला तेवढा लागणारच होता.