कप्तानाच्या माथी मारलेलं जहाज

मोजी बंदरात आम्ही बायका जहाजांत कोळसा भरायचो. जहाजाच्या अंगाला शिड्या टांगायच्या, पायरीपायरीवर उभं राहायचं आणि टोपल्या हातोहात वर द्यायच्या. आमच्यातल्या शिगेचा नवरा तोराकिची ‘हायासे मारू’वर खलाशी होता आणि ते जहाज आम्हीच भरलं.

दुपारी कोठारं भरली तेव्हा कप्तान ओनिझुका वरून ओरडले, “बास करा! जहाज बुडवायचंय का?”

खाली कोळसा आणणाऱ्या पडावात कंपनीचा मुकादम त्सुदा उभा होता. “भरा गं तुम्ही! कप्तानसाहेब, भीती वाटत असेल तर उतरा. तुमच्या जागेवर यायला दहाजण टपलेत.”

कप्तान कठड्यापासून मागे सरले. आम्ही भरत राहिलो. डेकवरही ढीग लागले. तोराकिची शिगेला म्हणाला, “अगं, आम्हाला झोपायला तरी जागा ठेव!”

जहाज शांघायला पोचलंच नाही. वादळात तोराकिचीसकट एकवीस माणसं गेली. आठवड्याने जहाजाची एक होडी तेवढी किनाऱ्याला लागली, तीही उलटी.

तीन महिन्यांनी चौकशीचा निकाल वाचला गेला. वादळाची लक्षणं दिसत असताना जहाज हाकारलं, सगळा दोष कप्तानाचा. कप्तानाची बायको नोबु भिंतीशी बसली होती. एक म्हातारी तिच्यावर थुंकली, “तुझ्या नवऱ्यानं माझा पोरगा खाल्ला!”

शिगे ताडकन उठली. “मेलेला माणूस उलट बोलत नाही, म्हणून त्याच्या माथी मारता होय? कप्तान नको म्हणत होते. हा त्सुदा भरा म्हणत होता!”

“तू कोण?” अधिकाऱ्याने विचारलं.

“कोळसेवाली. याच हातांनी भरलंय ते जहाज.”

“मग जहाजातलं तुला काय कळतं?”

“शिडीच्या खालच्या तीन पायऱ्या पाण्यात गेल्या होत्या, साहेब. एवढं कळायला कप्तान व्हावं लागत नाही.”

लोक हसले. कारकुनाने लेखणी उचललीसुद्धा नाही. त्सुदा पंखा हलवत बसला होता.

शिगेने नोबुचा हात धरला आणि गर्दीतून तिला आपल्या घरी नेलं. शिगेला लिहिता येत नव्हतं, नोबुला येत होतं. एकीने सांगितलं, दुसरीने लिहिलं आणि आम्ही चौदा बायकांनी खाली अंगठे उमटवले. फेरचौकशीचा अर्ज टोकियोला सरकारकडे गेला. उत्तर नाही. दुसरा गेला, तो न फोडताच परत आला. आम्हा चौदाजणींना मात्र त्सुदाने कामावरून काढलं.

आज त्सुदा कंपनीच्या कचेरीत मोठ्या खुर्चीत बसतो. सरकारी कागदावर अजून ओनिझुकांचंच नाव आहे. नोबु सध्या सातवा अर्ज लिहिते आहे.